बर्कलीतलं खुर्ची-दुरुस्तीचं दुकान

१९७० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात काही अपंग विद्यार्थ्यांनी केंद्र सरकारचं अनुदान मिळवून 'फिजिकली डिसेबल्ड स्टुडंट्स प्रोग्रॅम' नावाचं एक कार्यालय उघडलं. त्यामागच्या मंडळींतल्या अनेकांचं मानेखालचं शरीर लुळं होतं. पोलिओने, किंवा पोहताना उथळ पाण्यात सूर मारून मान मोडल्याने. अशा माणसांनी सरकारकडून पैसे मिळाल्यावर काय काय मागावं? काळ चंद्रावर माणूस उतरल्यानंतरचा, यंत्रावर भलताच विश्वास असलेला. पण या कार्यालयाच्या मुख्य कामांत नव्या यंत्राचा शोध कुठेच नव्हता. कामं होती ती अशी: मदतनीस मिळवून देणं, खुर्ची आत जाईल अशी भाड्याची घरं हुडकणं, सरकारी भत्त्यांचे कागद लढवणं, आणि बिघडलेल्या चाकाच्या खुर्च्या त्याच दिवशी दुरुस्त करून देणं. शेवटचं काम ऐकायला सगळ्यांत क्षुल्लक वाटतं. मला मात्र त्या दुरुस्तीच्या खोलीत या चळवळीचं मर्म दिसतं. अपंगांच्या साधनांचा इतिहास आपण शोधांचा इतिहास म्हणून वाचतो: अमुक साली अमुक गृहस्थाने घडीची खुर्ची केली, तमुक साली तिला मोटर बसली. बर्कलीचा पुरावा वेगळं सांगतो. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाला साधनाने किती मोकळीक दिली हे ते साधन किती हुशार आहे यावर फार थोडं अवलंबून होतं. ते कधी वापरायचं, कसं बदलायचं, मोडलं तर कुणी आणि किती लवकर जोडायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता, यावर ते ठरलं.

या गोष्टीत सगळ्यांत आधी येतं ते एक अवजड यंत्र. १९२८ साली बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांनी बनवलेलं कृत्रिम श्वसनयंत्र रुग्णावर पहिल्यांदा वापरलं गेलं. लोक त्याला लोखंडी फुफ्फुस म्हणू लागले. पिंपासारखी लांबट पेटी, तिच्यात रुग्ण झोपलेला, डोकं तेवढं बाहेर. पेटीतल्या हवेचा दाब यंत्राने कमी केला की छाती फुगते आणि श्वास आत येतो, दाब वाढला की बाहेर जातो. पोलिओच्या साथींत या यंत्राने असंख्य जीव वाचवले, त्याबद्दल दुमत नाही. एड रॉबर्ट्स हा कॅलिफोर्नियातला मुलगा त्यांतलाच एक. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. सॉल्कची लस यायला अजून दोन वर्षं होती. डाव्या हाताची दोन बोटं आणि पायाची काही बोटं सोडली तर मानेखाली काही हलत नव्हतं. रात्र लोखंडी फुफ्फुसात जायची. दिवसा थोडा वेळ बाहेर राहता यावं म्हणून बेडकासारखी हवेचे घोट गिळून श्वास घेण्याची रीत तो शिकला. म्हणजे यंत्राने जीव राखला, पण ज्या थोड्या तासांत त्याला जगात वावरता आलं ते तास त्याने यंत्राबाहेर पडून, स्वतःच्या घशाच्या कसरतीने कमावले होते.

शाळा टेलिफोनच्या तारेवरून झाली आणि शेवटी अडली ती एका हास्यास्पद गोष्टीवर. वाहनचालन आणि शारीरिक शिक्षण हे दोन विषय पूर्ण नाहीत म्हणून शाळा त्याला पदवीपत्र देईना. आई झोना रॉबर्ट्स शाळा मंडळाशी भांडली, तेव्हा ते मिळालं. पुढचा अडथळा जास्त गंभीर होता. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचं काम अपंगांना शिक्षणासाठी पैसे देण्याचं, पण याला कधी नोकरी लागणं शक्य नाही असं ठरवून खात्याने मदत नाकारली. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि निर्णय फिरला. विद्यापीठाची अडचण वेगळी होती. सुमारे आठशे पौंडांचं, म्हणजे साडेतीन क्विंटलच्या वरचं ते लोखंडी फुफ्फुस पेलेल असं वसतिगृह कुठे होतं? विद्यार्थी-आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी तोड काढली: विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयातली एक खोली वसतिगृहाची खोली म्हणून द्यायची. १९६२ च्या शरदात रॉबर्ट्स तिथे राहायला गेला. पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आला. मान मोडलेला हा उंचापुरा तरुण त्याआधी काही वर्षं काउंटीच्या रुग्णालयात पडून होता, कारण दुसरीकडे राहायची सोयच नव्हती. दशक संपेपर्यंत कॉवेलमध्ये डझनभर विद्यार्थी झाले आणि ते स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणवू लागले. मराठीत त्याचं काय करावं? 'गडगडते लुळे' म्हटलं तर त्यातली स्वतःवरच हसण्याची खोड थोडी तरी येते.

रुग्णालयात राहूनही ते रुग्ण नव्हते. हा फरक ऐकायला बारीक आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. रुग्णाला केव्हा उठवायचं हे परिचारिकेच्या पाळीवर ठरतं. कॉवेलमधल्या मुलांचे मदतनीस त्यांचे स्वतःचे होते. सरकारी भत्त्यातून पगार, आणि नेमणं, शिकवणं, न जमल्यास काढून टाकणं मुलांच्या हातात. आंघोळ दुसऱ्याने घालायची, पण किती वाजता ते आपण सांगायचं. रात्री दोनपर्यंत राजकारणावर वाद घालायचा असेल तर घालायचा. १९६० च्या दशकातलं बर्कली म्हणजे तसा वाद घालायला उत्तम जागा. दशकाच्या शेवटी पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशकाने दोघा विद्यार्थ्यांना तिथून हलवायचा घाट घातला, तेव्हा ही मंडळी एकजुटीने लढली आणि समुपदेशकाचीच बदली झाली.

इथे इलिनॉय विद्यापीठाची तुलना करायला हवी, कारण बर्कलीला आद्यत्व देणं ऐतिहासिकदृष्ट्या चूक ठरेल. टिम न्यूजेंट यांनी १९४८ साली इलिनॉयमधल्या गेल्सबर्ग इथे, माजी लष्करी रुग्णालयाच्या जागेत अपंग विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो अर्बाना-शँपेनला नेला. उतार, खुर्च्या चढवणाऱ्या बसगाड्या, चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल, हे सगळं तिथे बर्कलीच्या किती तरी आधी होतं. साधनं आणि इमारती पाहिल्या तर इलिनॉय सरस होतं. पण प्रवेशाची एक अट होती. विद्यार्थ्याने कपडे घालण्यापासून खुर्ची ढकलण्यापर्यंत सारं स्वतःच्या बळावर करून दाखवायचं, मदतनिसाशिवाय. स्वावलंबन म्हणजे दुसऱ्याचा हात न लागणं, अशी ती व्याख्या. न्यूजेंट यांचा हेतू वाईट नव्हता. दयेच्या ओझ्याखालून मुलांना बाहेर काढायचं तर ताकद दाखवली पाहिजे, असा त्या काळाचा कडक न्याय होता. पण या व्याख्येच्या दारातून रॉबर्ट्स आत येऊच शकला नसता. ज्याला साधनांची सगळ्यांत जास्त गरज, तोच साधनांनी सजलेल्या विद्यापीठाबाहेर. बर्कलीच्या मुलांनी व्याख्या फिरवली. स्वतःचे मोजे स्वतः घालायला दोन तास लागत असतील, तर ते मदतनिसाकडून पाच मिनिटांत घालून घेऊन उरलेला वेळ वर्गात घालवणारा माणूस जास्त स्वावलंबी, असं ते म्हणू लागले. साधनाचा अर्थ इथेच बदलला. ते 'नॉर्मल' शरीराची नक्कल करण्यासाठी उरलं नाही. माणसाला जे करायचं आहे त्याचा ते एक भाग झालं आणि मदतनीस दुसरा.

याचं नेमकं उदाहरण रॉबर्ट्सच्या विजेच्या खुर्चीचं आहे. कॅनडातले अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी युद्धातून लुळे होऊन परतलेल्या सैनिकांसाठी विजेची खुर्ची विकसित केली होती आणि १९५५ साली तिचा नमुना अमेरिकेला भेट दिला गेला. म्हणजे रॉबर्ट्स बर्कलीला आला तेव्हा हे तंत्र जगात येऊन काही वर्षं झाली होती. तरी त्याची खुर्ची माणूसच ढकलत असे, कारण त्याला विजेची खुर्ची चालवणं जमणार नाही असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता. त्याने तो निर्वाळा का झुगारला? पुढे त्याने स्वतः सांगितलेलं कारण असं, की तो एका मुलीच्या प्रेमात पडला आणि प्रत्येक भेटीला ढकलणारा मदतनीस बरोबर असणं फारच अडचणीचं व्हायला लागलं. त्याच्या बोटांत एकाच दिशेने जोर होता. नियंत्रणाची पेटी उलटी फिरवून बसवली आणि थोड्याच वेळात तो खुर्ची चालवायला लागला. तंत्रज्ञान म्हणावं असं यात नवीन काय होतं? एक पेटी उलटी बसवली, इतकंच. ती उलटी बसवून पाहावी हे तज्ज्ञाला सुचलं नाही, कारण त्याला कुठे जायचं नव्हतं. आणि हाच रॉबर्ट्स, जो मदतनिसाच्या हक्कासाठी भांडत होता, इथे मदतनिसाला दूर ठेवण्यासाठी यंत्र वापरतो. यात विसंगती नाही. कधी माणूस हवा आणि कधी यंत्र, ही निवड त्याची होती.

आता दुरुस्तीच्या खोलीकडे वळू. अमेरिकेत तेव्हा चाकाची खुर्ची म्हणजे बहुतेक वेळा एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीची. ही कंपनी सुरू झाली तीच एका वापरणाऱ्याच्या गरजेतून. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण-अभियंता खाणीतल्या अपघातात कमरेखाली लुळा झाला. मोटारीत घालता येईल अशी खुर्ची त्याला हवी होती, म्हणून हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राबरोबर १९३० च्या दशकात त्याने पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची केली. खुर्ची उत्तम होती, पण कंपनी मोठी होत गेली तसं गिऱ्हाईक बदललं. खुर्चीवर बसणारा एक आणि पैसे देणारं रुग्णालय, विमा कंपनी किंवा सरकारी खातं दुसरं. रुग्णालयाला हवी असते ती गुळगुळीत फरशीवर, खोलीतून व्हरांड्यापर्यंत जाणारी खुर्ची, आणि तशीच खुर्ची दशकानुदशकं निघत राहिली. १९७७ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने बाजारपेठेवरच्या मक्तेदारीबद्दल या कंपनीवर खटलाही भरला. माझ्या मुद्द्याला एव्हरेस्टचं उदाहरण आधी छेद देईल असं वाटतं, कारण इथे तर शोधणारा स्वतःच अपंग होता. पण पुढची कहाणी पाहिली तर ते मुद्दा नेमका करतं. एका अपंग माणसाने साधन घडवणं पुरेसं नसतं. पुढच्या प्रत्येक वापरणाऱ्याला नापसंती दाखवायची सोय हवी.

बर्कलीची मुलं घरात चालवायच्या या खुर्च्या टेलिग्राफ अव्हेन्यूच्या गर्दीत, टेकडीच्या चढावर, पावसात चालवत होती. साहजिकच त्या मोडत. पट्टे तुटत, मोटरी जळत, बॅटऱ्या रस्त्यात संपत, वेल्डिंग उकले. कंपनीकडे पाठवायची तर आठवडेच्या आठवडे जात, आणि खुर्चीशिवायचा आठवडा म्हणजे अंथरुणावरचा आठवडा. म्हणून कार्यालयाने स्वतःचा कारागीर ठेवला, आणि आणीबाणीला फोन केला की कुणीतरी यावं अशी व्यवस्था केली. पुढे १९७२ साली शहरातल्या सगळ्या अपंगांसाठी 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' निघालं, त्यातही दुरुस्ती हा मुख्य विभाग राहिला. अशा दुकानात दुरुस्ती आणि शोध यांच्यातली भिंत टिकत नाही. एकच सांधा चौथ्यांदा जोडताना कारागीर तो जाड करतो, पाय घासतो म्हणून पट्टी सरकवतो, एकाला पुरेल असा हात बसवतो. प्रयोगशाळेच्या अहवालात हे कधी येत नाही, म्हणून इतिहासातही येत नाही. आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याला सायकलीबद्दल जे ठाऊक असतं ते कारखान्याला नसतं; तसलंच हे ज्ञान.

रस्त्याबद्दल थोडक्यात. खुर्ची कितीही चांगली असली तरी पदपथाची सहा इंची कड तिला थांबवते. १९७१ साली बर्कलीच्या नगर परिषदेने व्यापारी भागातल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उतार करायचं धोरण स्वीकारलं. रात्री घण घेऊन कडा फोडल्याच्या दंतकथा त्या शहरात आजही सांगतात. त्या खऱ्या किती ते सोडून देऊ, कारण काम झालं ते बैठका, नकाशे आणि सततच्या तगाद्याने. त्यात हेल झुकास हा तरुण पुढे होता. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलणं फार थोड्यांना समजे. डोक्यावरच्या टोपाला बसवलेली एक काठी हे त्याचं साधन. त्याच काठीने तो खुर्ची चालवायचा आणि मांडीवरच्या फळीवरची अक्षरं दाखवत बोलायचा. आज डोळ्यांच्या हालचालीने चालणारे संगणक आहेत. त्यांच्यापुढे ही काठी अगदीच आदिम. पण तिने नगर नियोजनाच्या बैठका चालल्या. कारण सोपं आहे: त्या बैठकीत समोरचा माणूस एकेक अक्षर वाचत थांबायला तयार होता, किंवा त्याला थांबायला भाग पाडलं गेलं होतं. बोलण्याच्या साधनाचा अर्धा भाग नेहमी ऐकणाऱ्याकडे असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की लोखंडी फुफ्फुस नसतं तर रॉबर्ट्स चौदाव्या वर्षीच गेला असता. मग शोध दुय्यम कसे? हे खरंच आहे आणि मी ते नाकारत नाही. प्रतिजैविकं, श्वसनयंत्रं, मोटर, यांच्याशिवाय तीव्र अपंगत्व असलेली माणसं चळवळ करण्याइतकी जगलीच नसती. पण शोध आवश्यक होता म्हणजे तो पुरेसा होता असं होत नाही. तेच लोखंडी फुफ्फुस असलेली शेकडो माणसं त्याच दशकात रुग्णालयांच्या दालनांत आयुष्य काढत होती. यंत्र एकच, आयुष्यं दोन. हा फरक यंत्रातून समजत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. मदतनीस हाताशी असणं हे स्वावलंबन म्हटलं, तर त्या मदतनिसाचं काय? एकाची मोकळीक दुसऱ्याच्या स्वस्त श्रमावर उभी राहते का? कॅलिफोर्नियातल्या या कामाचा पगार बराच काळ अगदी किमान राहिला आणि ते करणाऱ्यांत स्त्रिया आणि स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. चळवळीने आपल्या स्वातंत्र्याचा जितका विचार केला तितका या लोकांचा सुरुवातीला केला नाही, असं म्हणावं लागतं. तरी यंत्राने माणसाची जागा पूर्ण घ्यावी, हा यावरचा तोडगा होत नाही. अंगावर पुरळ उठलंय का हे पाहणारं यंत्र त्या काळी नव्हतं आणि आजही फारसं नाही. तोडगा पगाराचा आणि कामाच्या प्रतिष्ठेचा आहे, म्हणजे पुन्हा अधिकाराचाच.

तिसरा आक्षेप आपल्याकडून सहज येईल: हा सगळा श्रीमंत देशातला प्रकार. भत्ते देणारं सरकार असलं की असं बोलता येतं. याला उत्तर राल्फ हॉचकिस यांच्या कामात आहे. १९६६ च्या मोटारसायकल अपघातात लुळे झालेले हे अभियंते १९८० साली निकाराग्वाला गेले. तिथे त्यांनी एकच खुर्ची आळीपाळीने वापरणारे तरुण पाहिले. परदेशातून दान आलेली खुर्ची मोडल्यावर तिचा सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून त्यांनी ती स्थानिक वेल्डिंगने पुन्हापुन्हा जोडली होती. हॉचकिस यांनी त्या जोडण्यांकडे जुगाड म्हणून पाहिलं नाही, रचनेतली सुधारणा म्हणून पाहिलं. पुढे त्यांच्या 'व्हर्लविंड' खुर्च्यांचा नियमच झाला, की गावच्या कार्यशाळेत मिळणाऱ्या नळ्या, सायकलचे भाग आणि साध्या बेअरिंगांतून त्या बनल्या पाहिजेत आणि शक्यतो खुर्चीवर बसणाऱ्यांनीच बनवल्या पाहिजेत. म्हणजे गरीब देशात दुरुस्तीचा मुद्दा कमी होत नाही, वाढतो. आपल्याकडे अपंगांची साधनं बनवणारी कानपूरची सरकारी अलिम्को कंपनी १९७२ ची, साधनं देण्याची केंद्राची योजना १९८१ ची. हाताने चालवायची तीनचाकी शिबिरात मंडपाखाली वाटली जाते, किती वाटल्या याचा आकडा जाहीर होतो. वर्षानंतर त्यांतल्या किती चालतात याचा आकडा मात्र कुणी मागत नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली ती स्वतः खुर्चीवर बसून, आणि त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची' आहे, हे मला केवळ योगायोगाचं वाटत नाही.

१९७५ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याचा संचालक नेमला. तो होता एड रॉबर्ट्स. तेरा वर्षांपूर्वी याच खात्याने त्याला नोकरीसाठी निकामी ठरवलं होतं. दोन वर्षांनी, १९७७ च्या एप्रिलमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या कार्यालयात शंभरावर अपंग आणि त्यांचे साथी तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणाऱ्या, १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या ५०४ कलमाच्या नियमांवर सही व्हावी, एवढीच मागणी होती. फोन तोडले तर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांनी बाहेर निरोप पोहोचवले. ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी जेवण आणलं. औषधं गार ठेवायला वातानुकूलन यंत्राला खोकं चिकटवून शीतपेटी केली. पुनर्वसन-तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ती शीतपेटी नसेल, पण बर्कलीच्या दुरुस्तीच्या दुकानाशी तिचं नातं सरळ आहे.

रॉबर्ट्स १९९५ च्या मार्चमध्ये वारले. त्यांची खुर्ची आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मागे कलणारं मोटारीचं आसन, रात्रीसाठी पुढे दिवा, मागे बॅटरी आणि श्वसनयंत्र ठेवायला जागा. त्याच मागच्या जागेत एक छोटा, उचलून नेता येणारा उतारही बसतो, पायरी आली की पुढे टाकायला.